नवाच्या ओळीवरची रेघ

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं टीव्हीसमोर बसला होतात. तिकडच्या कुठल्यातरी कॉलेजांचा बास्केटबॉलचा सामना चालू होता. धाकट्याने मान न वळवताच विचारलं, "आजी, तुला ह्यातलं काही कळतं का?" मी म्हटलं, "थोडंफार." तुमचा बाबा मागे उभा राहून हसला. शाळेत असताना त्याने कितीतरी रविवारी माझ्याबरोबर कोर्टाच्या कडेला बसून डबा खाल्ला आहे.

माझं थोडंफार म्हणजे वीसएक वर्षं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एकदा मुलांच्या संघाचा स्कोअर लिहिणारे प्राध्यापक आजारी पडले. स्पोर्ट्सचे सर स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे." त्या दिवशी मी टेबलावर बसले ती रिटायर झाल्यावरही उठले नाही. गेल्या सीझनमध्ये उठले. का उठले ते तुम्हाला सांगायचं आहे. मराठीत लिहितेय, बाबाकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहायला बसले की दुसऱ्या वाक्यापासून मी कारणं द्यायला लागते, आणि ह्या गोष्टीचं कारण माझ्याकडे नाही.

आधी स्कोअरशीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो एक मोठा, रेघांनी भरलेला कागद असतो. डावीकडे संघातल्या बारा खेळाडूंच्या बारा ओळी. उजवीकडे एकापासून चढत जाणारे आकडे, ते गुण. बास्केट झालं की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी ज्याने ते टाकलं त्याच्या जर्सीचा नंबर लिहायचा. पंच फाउलचा नंबर हाताने दाखवतात, पण बास्केट कुणी टाकलं ते दाखवत नाहीत. ते आपणच बघायचं. बदली खेळाडू आत जायच्या आधी स्वतः टेबलाशी येऊन सांगतो, मग त्याच्या ओळीत बारीक फुली मारायची. सामना संपला की जो खेळलाच नाही त्याच्या ओळीवर आडवी रेघ. शेवटी खेळाडूंचे गुण वेगळे मोजायचे, संघाचे वेगळे. दोन्ही जुळले की पंच सही करतात.

माझं नेहमी जुळायचं. ज्या दिवशी शीट चुकेल त्या दिवशी टेबल सोडायचं, हे मी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. शेजारी घड्याळावर आमच्या कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल बसायचे. ते म्हणायचे, "मॅडम, असा नियम मी लायब्ररीत लावला असता तर दुसऱ्या आठवड्यात घरी बसलो असतो."

नीटनेटकेपणाची मला एक खोड होती. सामना एकतर्फी झाला आणि दोन-तीन मिनिटं उरली की मी न खेळलेल्या मुलांच्या ओळींवर आधीच रेघ मारून ठेवायचे. हूटर वाजल्यावर घाई होते, पट्टी हलते, रेघ वाकडी येते. आधी मारली की सरळ येते. वीस वर्षांत कुणी हटकलं नाही.

मी उठले त्याच्या आदल्या सीझनच्या सेमीफायनलला आपण अठरा गुणांनी मागे होतो. संघात नऊ नंबरचा एक मुलगा होता, सायखेड्याचा. उंच, डावखुरा, फार न बोलणारा. सबंध सीझन बाकावर. खुर्च्यांच्या रांगेत तो शेवटच्या, बाराव्या खुर्चीवर बसायचा आणि दर थोड्या वेळाने बुटांचे तळ तळहाताने पुसायचा. कोर्टवर पाय घसरू नये म्हणून मुलं उतरायच्या आधी असं करतात. हा उतरायचा नाही, पण तळ पुसून तयार असायचा. रबरावर तळहात घासल्याचा तो आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा. त्या दिवशी त्याचे वडील आले होते. सकाळी फुलबाजारात झेंडू विकून तसेच आले होते, हातात रिकामी गोणी घडी करून धरलेली.

दीड मिनिट उरलं असताना सरांनी त्याला उठवलं. तो धावत माझ्यासमोर आला.

"मॅडम, सब."

मी शीटवर पाहिलं. त्याच्या ओळीवर सरळ, सुंदर रेघ होती.

समोरच्या संघाचे कोच पाणी प्यायला टेबलाशी आले होते, त्यांनीही ती पाहिली. "अहो, हा तर कट केलाय! आता कसा आत येईल?" पंच आले, आपले सर आले, आवाज चढले. रेघेमुळे मुलाला अडवता येत नाही, ती चूक माझी आहे आणि दुरुस्त करता येते, हे मला पाठ होतं. ते सांगायला तीन सेकंद लागली असती. पण माझी खोड सगळ्यांसमोर उघडी पडली होती आणि मी मान खाली घालून शीटकडे बघत राहिले. तेवढ्यात खेळ सुरू झाला. सर वैतागून म्हणाले, "जाऊ दे रे, बस. उरलंय काय आता."

तो मला म्हणाला, "असू द्या मॅडम." आणि जाऊन बसला. वडील गोणी धरून उभेच होते.

त्यानंतर उन्हाळ्यात तो एका पिकअपवर कांद्याच्या गोण्यांबरोबर चांदवडकडून येत होता. हायवेवर गाडी उलटली, त्यात तो गेला. मला हे जुलैत कळलं, नव्या सीझनच्या पहिल्या दिवशी. सर याद्या करता करता म्हणाले, "नऊ नंबर यंदा कुणाला नाही. जर्सी त्याच्या घरीच आहे. यंदा अकराच मुलं." मी पेन उघडलं, बंद केलं. रेघ त्यांच्या लक्षातही नसेल.

पहिला सामना आपल्याच कोर्टवर होता, दुपारी चारला. पाऊस आठवडाभर उघडला होता आणि ऊन तिरपं येत होतं. शिपायाने खुर्च्या मांडल्या, बारा. सर म्हणाले, "अकरा ठेव रे." त्याने मोजून एक उचलली. खेळ सुरू झाल्यावर मी पाहिलं तर बाराच होत्या. शेवटची रिकामी. मुलं बदलत होती, उठत-बसत होती, घामाचे टॉवेल भिरकावत होती, पण त्या खुर्चीवर कुणी टॉवेलसुद्धा टाकला नाही.

सामना आपण जिंकला. हूटर वाजला, मी मोजायला घेतलं. संघाचे एकसष्ट. खेळाडूंचे एकोणसाठ.

पुन्हा मोजलं. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, मॅच मोजताय की पेपर तपासताय? पोरं चहाला निघाली." मी बोट ठेवून खालून वर गेले. साठच्या आकड्यावर, शेवटच्या मिनिटात, माझ्या अक्षरात, निळ्या शाईत लिहिलं होतं: नऊ.

"तुम्ही नऊ म्हणालात का?" मी ग्रंथपालांना विचारलं.

"मी घड्याळाकडे बघत होतो. शेवटचं मिनिट मी दुसरीकडे बघतच नाही. नऊ आहेच कोण?"

मी कर्णधाराला हाक मारली. त्याचा नंबर चार. "साठाव्या गुणाचं बास्केट कुणाचं रे?"

"ह्याचं असेल," तो सात नंबरकडे बोट दाखवून म्हणाला.

"माझं नाही! मी फक्त पास दिला."

"कुणाला दिलास?"

त्याने जरा विचार केला. "उजवीकडे कुणीतरी हात वर केला होता मॅडम. बघितलं नाही, दिला."

"म्हणजे भुताला दिला," दहा नंबर म्हणाला आणि सगळी हसली. हसता हसता एकाएकी थांबली. कर्णधार हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या नावावर लिहा. माझंच असेल."

पंच सहीसाठी उभे होते. इंग्रजी नऊचा चार करायला फार काही लागत नाही. मी केला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी शीट गिरवली, आणि नियमाप्रमाणे त्याच दिवशी उठायला हवं होतं. उठले नाही. थकवा असेल म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा असेल म्हटलं. घरी आल्यावर तुमच्या बाबाला फोनवर एवढंच सांगितलं की आज बेरीज चुकली. त्याने दोन दिवसांत इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत पोहोचले आणि विचारलं, "पुढे ऋण संख्येत जाऊ का?" ते म्हणाले, "नको आजी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे."

ह्यानं बरं वाटायला हवं होतं. पण डोकं ठीक असेल तर ते नऊ कुठून आलं, हा प्रश्न आता जास्तच उघडा पडला.

दुसरा सामना, यंदा संघ कमी म्हणून थेट सेमीफायनलच, नाशिकरोडच्या बाजूला एका कॉलेजात होता, सकाळी दहाला. ह्या वेळी मी तयारीने गेले. चष्मा नवा, शिवाय ग्रंथपालांना सांगून ठेवलं की शेवटच्या मिनिटात मी प्रत्येक नंबर मोठ्याने बोलेन, तुम्ही नुसतं ऐका. तिथली खुर्च्यांची रांग लोखंडी होती, एकमेकींना जोडलेली. शेवटची रिकामी. तिसऱ्या क्वार्टरला त्या टोकाकडून मला तो आवाज आला. रबरावर तळहात, एक, दोन, मग दुसरा बूट. मी वळून पाहिलं नाही. शीटवरून नजर काढायची नसते, हे कारण हाताशी होतं.

शेवटच्या मिनिटात गर्दीतून एकजण बाहेर आला. माझ्याकडे पाठ. ओली पांढरी जर्सी पाठीला चिकटलेली. डाव्या हाताने उचलून बोर्डाच्या काचेवर हलकेच ठेवावा तसा त्याने चेंडू ठेवला आणि तो आत पडला.

"नऊ," मी मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं.

मग मी कोर्टवरची आपली मुलं मोजली. पाच हवीत, पाचच होती. माझ्याकडे कुणी बदली मागायला आलं नव्हतं. पाचातला एक जर नऊ असेल तर कोण नव्हतं? चार होता. पाच, सात, दहा, बारा होते. पुन्हा मोजली, तरी पाच.

ग्रंथपाल माझ्याकडे वळले. "तुम्ही नऊ म्हणालात," ते म्हणाले.

"हो. तुम्ही काय पाहिलंत?"

"मी घड्याळ पाहत होतो मॅडम." त्यांनी घड्याळ जरा स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, "घड्याळच पाहत राहणार आहे."

त्या दिवशीचे दोन गुण मी सात नंबरच्या नावावर घातले. आता मी दोनदा खोटं लिहिलं होतं. फायनल पुढच्या शनिवारी होती. फायनललाही शीट गिरवावी लागली तर तिथंच पेन ठेवायचं, असं मी ठरवलं. खरं तर मला उठायचं नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यावर आठवड्यातून तेवढ्याच एका वेळी मला कुणासाठी तरी वेळेवर पोहोचावं लागायचं.

गुरुवारी सकाळी आठला आपल्या इंदिरानगरच्या घराची बेल वाजली. दारात ते वडील. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कागदात बांधलेला झेंडू.

"मॅडम, सरांनी पत्ता दिला. ते आठ दिवस बाहेरगावी हायेत, शनवारी डायरेक्ट ग्राउंडावर येतील म्हणले. ही तुमच्याकडं द्यायला सांगितली." पिशवीतून त्यांनी जर्सी काढली. इस्त्री केलेली, चौकोनी घडी, वर नऊ. "कॉलेजची वस्तू हाय. घरात ठिवू नाय म्हणती म्हातारी."

मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला. ते सोफ्याच्या अगदी कडेवर बसले.

"लय दिस ठिवली व्हती," ते म्हणाले. "पेटीत. पण ती ओली व्हती हो मॅडम. पेटी उघडली तर घामाचा वास. म्हातारीनं धुतली, वाळवली, ठिवली. परत तसंच झालं. दोनदा झालं. मग म्हनली, देऊन या."

कधी कधी झालं, हे मी विचारलं नाही. तारखा विचाराव्यात, माझ्या डायरीतल्या सामन्यांच्या तारखांशी ताडून बघाव्यात, हा माझा जन्माचा स्वभाव. पण चहा उतू जातोय असं सांगून मी आत गेले.

परत आले तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. "एक विचारू का? राग नका मानू. त्या दिवशी सरांनी पोराला उठवलं, आन् परत बसवलं. मी घरी विचारलं तर म्हणला, असू द्या. त्याला येत नव्हतं का खेळता? म्हंजी, माझ्यासमोर नको म्हणून बसवलं का?"

एवढे महिने ह्या माणसाने हे मनात ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्याचं काहीच चुकलं नाही. मी त्याच्या ओळीवर आधीच रेघ मारली होती. खेळ संपायच्या आधी. मला तशी सवय होती. त्यावरून वाद झाला, आणि मी एक शब्द बोलले असते तर तो आत गेला असता. मी बोलले नाही."

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"रेघ," ते म्हणाले.

"हो."

"येत व्हतं म्हंजी त्याला."

"डाव्या हाताने टाकायचा. प्रॅक्टिसला मी पाहिलं आहे. चेंडू ठेवल्यासारखा टाकायचा."

त्यांनी मान हलवली, बऱ्याच वेळा. जाताना दारात म्हणाले, "आता सांगितलं ते बरं केलं. घरी सांगतो. म्हातारीला लय वाटायचं." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कोर्टवर पोहोचले. फायनल आपल्याकडेच होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मी मोजल्या नाहीत. शेवटच्या खुर्चीच्या पाठीला मी ती जर्सी घातली, आकडा कोर्टकडे करून. ती कोरडी होती, इस्त्रीची घडी तशीच. मग टेबलावर बसून सरांच्या यादीवरून अकरा नावं लिहिली. बारावी ओळ रिकामी होती. रिकाम्या ओळीवरही शेवटी रेघ मारायची असते. मी त्या ओळीत नऊ लिहिलं आणि पुढे त्याचं नाव लिहिलं, जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात.

ग्रंथपालांनी पाहिलं. "मॅडम, हे चुकीचं आहे."

"माहीत आहे."

"पंचांनी पाहिलं तर?"

"तर मी सांगेन. ह्या वेळी सांगेन."

त्यांनी घड्याळाची किल्ली तपासल्यासारखं केलं. ते घड्याळ बॅटरीवर चालतं.

समोरचा संघ तयारीचा होता. आपली मुलं पहिल्या क्वार्टरपासूनच मागे पडली. मुलं आली की जर्सीकडे बघत आणि शेजारच्या खुर्चीवर जरा अंग चोरून बसत. सरांनीही तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खेळाकडे वळले. वडील रिंगमागच्या पायऱ्यांवर बसले होते, गोणी मांडीवर. ऊन त्यांच्या मागून येत होतं आणि रिंगची सावली लांबून थेट माझ्या टेबलापर्यंत आली होती.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आपण अकरा गुणांनी मागे होतो. निकाल ठरल्यासारखा होता. माझी पट्टी टेबलावर होती, ती मी हातात घेतली नाही. मग तो आवाज आला. एक बूट, दुसरा बूट. पावलं ऐकू आली नाहीत, पण माझ्या टेबलासमोर, बदली खेळाडू जिथे उभा राहतो तिथे, ऊन अडलं. शीटवर एक सावली पडली. मी मान वर केली नाही. त्याच्या ओळीत बारीक फुली मारली.

सावली हलली. शीटवर पुन्हा ऊन आलं.

सात नंबरने उजवीकडे पास दिला. मला डावा हात दिसला, पाठ दिसली. चेंडू काचेला लागून आत पडला. पायऱ्यांवर गोणी पडल्याचा आवाज झाला. वडील उभे राहिले होते.

मी छप्पन्नच्या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी नऊ लिहिलं. हूटर वाजला. आपण नऊ गुणांनी हरलो.

संघाचे छप्पन्न. खेळाडूंचे, बारा ओळी मिळून, छप्पन्न. त्या सीझनमध्ये माझी बेरीज पहिल्यांदा न गिरवता जुळली. पंचांनी उभ्याउभ्याच सही केली. बारावी ओळ त्यांनी पाहिली की नाही, मला सांगता येणार नाही.

मी दोन्ही पेनं झाकणं लावून पाऊचमध्ये ठेवली, पट्टी ठेवली आणि पाऊच ग्रंथपालांपुढे सरकवला.

"हे काय?"

"तुम्ही ठेवा. मला दिसलं ते मी लिहिलं, पण जे नाही ते लिहिणाऱ्या बाईने इथे बसू नये."

"जुळलंय ना पण?"

"म्हणूनच."

खुर्च्यांपाशी सर वडिलांना सांगत होते, "जर्सी राहू द्या तुमच्याकडे. घेऊन जा." वडिलांनी ती खुर्चीच्या पाठीवरून काढली. काढताना ते थबकले, ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले, मग घडी न करताच पिशवीत ठेवली. माझ्याकडे बघून त्यांनी एकदा हात वर केला. मी जवळ गेले नाही. ती ओली होती की कोरडी, मी विचारलं नाही आणि हातही लावून पाहिला नाही.

शीटच्या खाली कार्बनच्या प्रती असतात. पिवळी हरलेल्या संघाला मिळते. सरांनी ती माझ्याकडे दिली. माझ्या लाकडी कपाटात, दुसऱ्या खणात, तुमच्या बाबाच्या गुणपत्रिकांच्या फाइलखाली ती ठेवली आहे. पुढच्या वेळी इकडे आलात की बघा. सगळ्यात खालची ओळ बघा. कार्बनने फुली जरा पुसट आली आहे, पण आहे. रेघ नाही.